वर्षाच्या गव्हासाठी चार दिवस

फेब्रुवारी उजाडला की कोल्हापूरहून आत्याचा फोन ठरलेला. ख्यालीखुशाली दोन वाक्यांत उरकते आणि मग मूळ मुद्दा येतो: "गहू निघाला का गं तुमच्याकडं?" तुमच्याकडं म्हणजे बेळगावकडं. आत्याच्या हिशेबानं बेळगाव जिल्हा म्हणजे तिचं कोठार. बन्सी रव्याला आणि शेवयांना, साधा चपातीला, आणि खपली खिरीला. वर्षाचा गहू होळीच्या आत घरात येऊन पडला पाहिजे, त्याला ऊन दाखवून, एरंडेल चोळून डब्यात भरला पाहिजे, तेव्हा कुठं तिच्या जिवाला स्वस्थता.

गेल्या वर्षी मात्र तिचे गुडघे दुखत होते म्हणून खपली तिनं एका दुकानातून मागवली. सुंदर कापडी पिशवी, वर बैलगाडीचं चित्र. आतला दाणा गुळगुळीत, चकचकीत. खीर केली तर तिचा लगदा झाला, आणि उरलेल्या पिशवीत श्रावणात टोके, म्हणजे धान्यातले किडे, फिरायला लागले. तेव्हापासून तिनं पण केला होता. "यंदा मी येणार. रानात उभा असलेला गहू बघणार, आणि मगच पैसे देणार."

आत्याचं वय ७६. मी बेळगावात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळं गव्हाबद्दल मला कळतं असा तिचा समज आहे. चार दिवस सुट्टी टाकली.

पहिला दिवस: बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती

बैलहोंगलची गाडी सकाळी सातला. कंडक्टर आला, मी आधारकार्ड दाखवलं, त्यानं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण फक्त कर्नाटकातल्या बायकांना. आत्यानं आपलं कार्ड ऐटीत पुढं केलं. कंडक्टरनं पत्ता वाचला आणि पूर्ण तिकीट फाडलं.

"कोल्हापुरात एष्टीला मला एक पैसा पडत नाही," आत्या म्हणाली.

"मग तिकडच्या एष्टीनंच फिरायचं की ओ आज्जी," तो स्वच्छ मराठीत म्हणाला आणि पुढं गेला. पुढच्या सीटशी लगेच कन्नडात सुरू झाला. आमच्या जिल्ह्यात हे असंच असतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. बातम्यांत वाटतं तेवढं तर नाहीच.

बेळगाव सोडलं की तासाभरात जमीन बदलते ती बघण्यासारखी. पश्चिमेला खानापूरच्या बाजूला जंगल, धो धो पाऊस आणि भात. शहराभोवती तांबडी माती, भाजीपाला. आणि पूर्वेला सरकत जावं तसा पाऊस आटत जातो, माती काळी होत जाते. बैलहोंगलच्या अलीकडं खिडकीतून बघितलं तर मैलभर एक झाड नाही. नुसतं काळं रान, त्यात हरभरा, शाळू आणि मधूनमधून पिवळा पडलेला गहू. कन्नडात ह्या काळ्या रानाला ‘एरी’ म्हणतात. एरीला पाणी द्यायची सोय नसली तरी ती परतीचा पाऊस पोटात धरून ठेवते, आणि त्या ओलीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला गहू फेब्रुवारीत हाताशी येतो. पाट नाही, मोटर नाही. दवावर आणि ओलीवर.

बैलहोंगलला उतरल्यावर आधी राणी चन्नम्माच्या समाधीला गेलो. १८२४ साली कित्तूरच्या ह्या राणीनं कंपनीच्या फौजेला एकदा पाणी पाजलं, पुढं ती पकडली गेली आणि इथल्याच किल्ल्यात कैदेत १८२९ मध्ये वारली. आत्यानं हात जोडले, चप्पल घातली आणि विचारलं, "बाजार कुठल्या अंगाला?"

मार्केट यार्डात अडत्याच्या दुकानासमोर गव्हाचे ढीग होते. इथं आत्याची परीक्षा सुरू झाली, म्हणजे गव्हाची. ती ढिगात हात कोपरापर्यंत घालते. आतला गहू वरच्यापेक्षा गार लागला तर ठीक, उबदार लागला तर ओला भरलाय. मग मूठभर घेऊन एका तळव्यावरून दुसऱ्यावर ओतते. कान लावून. वाळलेला गहू खुळखुळतो, ओला नुसता पडतो. शेवटी एक दाणा दाढेखाली. बन्सी असेल तर काचेसारखा टचकन तुटतो आणि आतून पिवळसर, जवळजवळ पारदर्शक दिसतो. साधा गहू दबतो आणि आत पांढरा पीठूळ असतो. मी वर्गात हेच ‘काचाळ’ आणि ‘पिठूळ’ दाणा म्हणून अर्धा तास शिकवते. मुलांना दाणा चावायला द्यावा हे वीस वर्षांत मला सुचलं नाही.

अडत्या हे सगळं शांतपणे बघत होता. "अव्वा, हल्लु गट्टी अदाव," म्हणाला. आजी, दात पक्के आहेत. ते आत्याला भाषांतर न करताच कळलं. बन्सी घ्यायचा ठरला. तो तिथूनच ट्रान्स्पोर्टला टाकला, ते एक काम झालं.

दुपारी सौंदत्तीच्या वाटेवरच्या एका गावात, आमच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीच्या घरी जेवायला थांबलो. कन्नड घर. "बर्री, कुंद्री" म्हणत घोंगडं अंथरलं. कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही. जेवण झाल्यावर घरचे अण्णा रान दाखवायला घेऊन गेले. गव्हाच्या कडेनं दोन ओळी करडईच्या होत्या. करडई वाळली की काट्यांची होते, म्हणून गुरं आत शिरत नाहीत. कुंपणाचं कुंपण, तेलाचं तेल. बांधावर त्यांनी वाळकं गवत पेटवून थोड्या हिरव्या राहिलेल्या ओंब्या भाजून दिल्या. तळव्यावर चोळायच्या, फुंकर मारायची, करपलेलं कुसळ उडतं आणि हिरवट दाणे उरतात. हात काळे होतात, तोंडही. आत्या ७६ वरून एकदम सात वर्षांची झाली.

पण माझ्या लक्षात राहिलं ते रान नव्हे, घराच्या समोरच्या चौकातला एक दगड. गोल, मधोमध, चपला त्यावरून जाऊन जाऊन गुळगुळीत झालेला. अण्णांनी सांगितलं, खाली ‘हगेवु’ आहे. मी क्षणभर गोंधळले, मग आत्याच म्हणाली, "पेव गं, पेव!" जमिनीखालची धान्याची कोठी. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत घागरीसारखं रुंद पोट. भिंतींना कडब्याचं अस्तर लावायचं, शाळू ओतायचा, वर कडबा, माती, आणि हा दगड. वर्ष-दोन वर्षं धान्य तसंच राहतं, कारण आत हवाच नसते. हवा नसते म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. दगड काढून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. "नम्म अज्जा," अण्णा म्हणाले, आमचे आजोबा कंदिलावर विश्वास ठेवायचे, माणसावर नाही.

हे पेव त्यांच्या लहानपणापासून रिकामं आहे. आपण रोज कशाकशाचं ‘पेव फुटलं’ म्हणतो, पण मी खरं पेव पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं, तेही बंद.

संध्याकाळी सौंदत्तीला पोचलो. लॉजमध्ये रात्रभर पाणी नव्हतं, एवढंच लिहून सोडते.

दुसरा दिवस: सौंदत्ती, यरगट्टी, गोकाक

सकाळी यल्लम्माचा डोंगर. आत्या कोल्हापूरची, तेव्हा हे चुकणं शक्य नव्हतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरकडच्या गाड्यांची इथं रीघ लागते, त्यामुळं डोंगरावरचा फूलवाला, भंडाऱ्याचा दुकानदार, चहावाला, सगळे अस्सल कोल्हापुरी मराठी बोलतात. चहावाल्यानं आत्याला "कुठल्या पेठेतल्या?" असंही विचारलं. गर्दी नव्हती, दर्शन पाच मिनिटांत झालं. सौंदत्तीचं जुनं नाव सुगंधवर्ती, रट्ट राजांची ही राजधानी होती. आज गावात राजधानीची खूण शोधावी लागते, पण कापूस आणि मिरचीच्या ढिगाऱ्यांची लागत नाही. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाचं पाणी जिथं पोचतं तिथं मका आणि ऊस, पोचत नाही तिथं कालचंच काळं रान.

यरगट्टीला गाडी बदलायची होती. ती पावणेदोन तासांनी आली. ह्या पावणेदोन तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आत्यानं मात्र स्टँडवरच्या सगळ्या बायकांचा गव्हाबद्दल इंटरव्ह्यू घेतला, तिचं कन्नड एकूण अकरा शब्दांचं असताना. तिला कळलेली माहिती अशी की खपलीला इकडं कुणी ‘सदक’ म्हणतं, कुणी ‘जवी गोधी’, आणि ती बघायची तर कृष्णेकडं जा.

गोकाकचा धबधबा फेब्रुवारीत बघायला जाऊ नये. बावन्न मीटरच्या कड्यावरून घटप्रभा पावसाळ्यात अंगावर येते. आत्ता काळ्या दगडावरून पाण्याची एक दोरी लोंबत होती. पण झुलता पूल, समोर एकोणिसाव्या शतकातली सूतगिरणी आणि खाली उघडं पडलेलं नदीचं पात्र, हे भर पावसात दिसत नाही, तेवढं पाहिलं. करदंट घेतलं. डिंक तळून, गूळ आणि सुका मेवा घालून केलेली ही वडी. कन्नडात ‘करिद अंटु’ म्हणजे तळलेला डिंक, त्याचंच करदंट झालं. आत्यानं दुकानदाराला डिंक कुठला वापरता ते विचारलं, त्यानं सांगितलं नाही. मुक्काम घटप्रभा गावात. इथं पाणी होतं.

तिसरा दिवस: घटप्रभा ते रायबाग

घटप्रभेहून मिरजेकडं जाणारी पॅसेंजर. चिक्कोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडची, उगार खुर्द, शेडबाळ: ह्या स्टेशनांची नावं मी लहानपणी मिरजेला जाताना पाठ केली होती. डब्यात चिंचलीच्या मायाक्काला निघालेलं एक कुटुंब होतं. माघी यात्रा नुकतीच झालेली, गर्दीत देवी नीट दिसली नाही म्हणून ते पुन्हा चालले होते. त्यांची म्हातारी आणि आत्या, दोघींनी दहा मिनिटांत सुपारी देवघेव केली. एक कन्नडात बोलत होती, एक मराठीत, आणि दोघी एकमेकींना "व्हय, व्हय", "हौद, हौद" म्हणत होत्या.

खिडकीबाहेर आता वेगळाच मुलूख. कृष्णेच्या पाण्याचा. ऊस, ऊस आणि ऊस. कारखान्यांचा हंगाम संपत आला होता तरी रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, टेपवर गाणी. उसाच्या ह्या पट्ट्यात गहू म्हणजे पाहुणा. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा आलेलं पीक, मोडला की मधल्या काळात रान रिकामं ठेवण्यापेक्षा घ्यायचा, किंवा सोयाबीन निघाल्यावर. बहुतेक जण घरापुरताच घेतात.

रायबाग स्टेशनवर आत्याच्या माहेरच्या नात्यातले एक मामा मोटरसायकल आणि रिक्षा दोन्ही घेऊन हजर होते. नातं नेमकं काय ते आत्याला दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. त्यांचं गाव तालुक्यातच, नदीच्या अंगाला. घरात मराठी, गावात कन्नड, शाळेत दोन्ही. मामांची नात कन्नड माध्यमात शिकते आणि आजोबांना मोबाईलवरचे सरकारी मेसेज वाचून दाखवते.

"बसा की, च्या घ्या आधी. गहू काय पळून जातोय व्हय?"

आत्या बसली नाही. चहा उभ्यानं घेतला आणि रानात.

दीड एकर खपली. गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली, सगळी एकसारखी. वारा आला की वाळक्या कुसळांचा सर्रर आवाज. मामा म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळची खपली छातीला लागायची. दाणा भरला आणि जोराचा वारा सुटला की सगळं रान आडवं. आता ही धारवाडची बुटकी जात. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं खपलीच्या बुटक्या जाती काढल्या, डीडीके १०२५, डीडीके १०२९ अशा नावांच्या. मामांकडची त्यातली कुठली हे त्यांना आठवेना. "डीडी कायतरी," म्हणाले.

मी एक ओंबी तोडली. साध्या गव्हाची ओंबी तळव्यात चोळली की दाणे मोकळे होतात, भुसा उडतो, काल-परवाच ते केलं होतं. ही चोळली तर दाणा एकही सुटला नाही. ओंबीचे नुसते तुकडे पडले. प्रत्येक तुकडा म्हणजे दोन कडक टरफलं, कातड्यासारखी चिवट, आणि त्यांच्यात गच्च मिटलेले दोन दाणे. नखानं सोलायला गेले तर नख दुखलं. शास्त्रात ह्याला डायकोकम म्हणतात, दोन दाण्यांचा. आपण त्याला खपली म्हटलं. जखमेवर धरते तीच खपली, तशीच बसलेली, ओढली तरी न सुटणारी. पेरताना सुद्धा हे तुकडेच पेरतात, दाणे काढत बसत नाहीत.

आणि हेच तिच्या मागं पडण्याचं कारण. मळणी झाली तरी काम संपत नाही. पाण्याचा हलका हात मारून कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची. क्विंटलला ६५ ते ७० किलो दाणा हातात येतो, बाकी टरफल. लोकवनसारखे गहू आले, मळले की थेट पोत्यात, तेव्हा मुसळ धरणाऱ्या बायकांनी खपलीला रामराम ठोकला, आणि बरोबरच केलं. मामी हे ऐकत होत्या. "माझ्या सासूच्या हाताला घट्टे होते," एवढंच म्हणाल्या.

मग ठेवली कशासाठी? मामांची कारणं त्यांच्याच क्रमानं सांगते. एक, नदीकाठच्या रानाच्या खालच्या अंगाला मीठ फुटलंय, पाणी जास्त झाल्याचा परिणाम. तिथं साधा गहू पिवळा पडून बसतो, खपली तग धरते. दोन, जत्रेला खीर लागते. कन्नड घरात ती ‘हुग्गी’, मराठी घरात खीर, कढई एकच. तीन, तांबेरा, हा रोग हिला सहसा धरत नाही. आणि चार, आता गेल्या काही वर्षांत साखरेच्या आजाराचे लोक मोटारी घेऊन दारात यायला लागलेत. भाव साध्या गव्हाच्या दुपटीवर गेलाय. "दहा वर्सं आधी फुकट दिली तर घेत नव्हते," मामा म्हणाले.

त्या लोकांना कुणीतरी सांगितलंय की खपलीत ग्लूटेन नसतं. असतं. गहूच आहे तो. कमी चिकट असतं, पण ज्यांना ग्लूटेन चालतच नाही त्यांना खपलीही चालत नाही. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग, मोटारवाल्यांना सांगा."

तांबेऱ्याचं नाव निघालं तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. गव्हाच्या खोडावर तांबेरा पडतो त्याचे अनेक प्रकार असतात. ते ओळखायला १९२२ मध्ये स्टॅकमन आणि लेव्हिन ह्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बारा गव्हांचा एक संच ठरवला. प्रत्येक गव्हावर रोग सोडायचा, कुठला बळी पडतो, कुठला टिकतो त्यावरून प्रकार ओळखायचा. जगभर वर्षानुवर्षं तोच संच वापरला गेला. मार्क्विस, कुबान्का अशी एकेक नावं, आणि त्या बारांच्या यादीत शेवटी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: खपली. आमचा हा मराठी शब्द, भाषांतर न करता, जसाच्या तसा. विद्यार्थिनी असताना ते पान मी तीनदा वाचलं होतं. बियाणं आपल्याकडूनच गेलेलं. ही खपली दाद देत नव्हती, म्हणून तर तिला बोलावलं.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. विडी विझवली.

"मग आमाला काय दिलं का त्यांनी?"

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

संध्याकाळी खळ्यावर बसलो. ‘सुगी’ हा शब्द निघाला, मामींची शेजारीण म्हणाली कन्नडात ‘सुग्गी’. पेरायची ‘कुरी’ तर त्यांच्याकडं ‘कूरिगे’. कुणाचा शब्द कुणी उचलला ह्यावर थोडी चर्चा झाली, मग २०१९ च्या पुराचा विषय निघाला आणि सगळे गप्प झाले. घराच्या भिंतीवर दरवाजाच्या चौकटीच्या वर पाण्याची खूण आहे. रंग दिला तरी मामांनी तेवढी पट्टी तशीच ठेवलीय.

रात्री खीर झाली. रात्रभर भिजवलेली खपली आधीच तयार ठेवली होती मामींनी. कुकरमध्ये नाही, पातेल्यात, चुलीवर. शिजून फुटली तरी प्रत्येक दाणा वेगळा, दाताखाली किंचित कच्च. गूळ, ओलं खोबरं, सुंठ, खसखस. आत्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि गेल्या वर्षीच्या दुकानदाराला एक शिवी हासडली. ती इथं लिहिता येणार नाही.

चौथा दिवस: चिक्कोडी, निपाणी

मामांनी पन्नास किलो टरफलासकट खपली दिली आणि वर दहा किलोची पिशवी वेगळी. ही वेगळी का, तर आत्याला रात्रीतून एक शोध लागला होता. टरफलातल्या दाण्याला टोका लागत नाही, असं मामी बोलता बोलता म्हणाल्या. दोन वर्षं ठेवा. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या मेल्यानं सोलून ठेवली म्हणून किडली!" आता श्रावणासाठीची दहा किलो ती तशीच ठेवणार आणि लागेल तेव्हा माळ्यावरचं उखळ काढून भाच्याकडून कांडून घेणार. भाच्याला हे अजून माहीत नाही.

उरलेली पन्नास किलो चिक्कोडीच्या वाटेवर एका कांडप गिरणीत नेली. पत्र्याची शेड, आत बोलणं ऐकू येत नाही. गिरणीवाल्या काकांनी पोतं जमिनीवर ओतलं, हातानं पाणी शिंपडलं, अगदी देवावर शिंपडावं तेवढंच, आणि फावड्यानं वरखाली केलं. अर्धा तास मुरू द्यायचं. मग यंत्रात. पहिल्या फेरीत निम्मी टरफलं निघाली, दुसऱ्या फेरीला घातलं आणि लाईट गेली. थ्री फेज आता तीनला येणार. ह्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. काकांनी घरून ताक आणवलं.

तीनला लाईट आली. एका तोंडातून लालसर, लांबट, थोडा खरबरीत दाणा. दुसरीकडून टरफलाचा धुरळा, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. काट्यावर साडेतेहेतीस किलो भरला. आत्यानं विचारलं, टरफल कुणाचं? काका म्हणाले, रीत अशी आहे की ते गिरणीचं. आत्या म्हणाली, पैसे पन्नास किलोचे घेता तर माल पन्नास किलोचा द्या. बराच खल झाला. शेवटी तिला एक पिशवीभर टरफल मिळालं, त्याचं ती काय करणार हे तिलाही सांगता येईना. "उशीत भरीन," म्हणाली.

चिक्कोडीहून निपाणीला जाताना सूर्य उतरला होता. निपाणीत शिरताच नाकाला तंबाखू. १९८१ साली ह्याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींनी शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन इथं उभं केलं, महामार्ग अडवला गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. आत्याला ते दिवस आठवतात, कोल्हापूरच्या गाड्या बंद होत्या म्हणून. आता त्याच महामार्गावर आम्ही दोघी दोन पोती आणि एक टरफलाची पिशवी घेऊन कोल्हापूरच्या एष्टीची वाट बघत उभ्या होतो.

एष्टी आली. महाराष्ट्राची. आत्याच्या अंगात एकदम बळ आलं. कंडक्टरनं हात देऊन चढवलं, पोती पुढं सीटखाली सरकवली. आत्यानं कार्ड पुढं केलं, ह्या वेळी तर जास्तच ऐटीत.

"पंच्याहत्तरच्या वर? मोफत आज्जी," तो म्हणाला. मग मशिनवर बोटं आपटत: "पण ते महाराष्ट्रात. निपाणी ते कोगनोळी तिकीट लागंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली उभी, खिडकीशी.

"आणि ह्या पोत्यांचं लगेज," कंडक्टर म्हणाला, "निपाणी ते कोल्हापूर, पूर्ण."

"का? ह्याला सवलत न्हाई?"

"गव्हाला कुठली सवलत आज्जी."

"तिकडचा बी पूर्ण, हिकडचा बी पूर्ण?"

"पूर्ण."

आत्यानं कनवटीची पिशवी सोडली आणि सुट्टे पैसे मोजायला लागली. गाडी हलली तेव्हा ती अजून मोजतच होती.